गोठ्यातला कॉम्प्युटर

आमचे चुलत बंधुराज मुंबईला फोर्टातल्या कुठल्याशा कंपनीत कारकून होते. त्या कंपनीत कॉम्प्युटर आला आणि ह्यांची मान जी ताठ झाली ती पुन्हा खाली आली नाही. ऐंशीच्या दशकाचा मध्य नुकताच उलटला होता. वसईतल्या आमच्या आळीत कॉम्प्युटर कोणी पाहिलेला नव्हता, त्यामुळे बंधुराज सांगतील ते खरं. रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या पायरीवर उभे राहून ते शहाणपण पाजळायचे आणि आळी तोंड उघडं टाकून ऐकायची. आळीबद्दलही माझं मत फारसं बरं नाही.

त्या डिसेंबरात ते टेम्पोतून एक धूड घेऊन उतरले. कंपनीने जुनी टर्मिनलं भंगारात काढली होती, त्यातलं एक. टीव्हीसारखा पडदा आणि पुढे टाइपरायटरसारख्या कळा. हा पडदा ज्या मोठ्या यंत्राला जोडलेला असायचा ते यंत्र राहिलं फोर्टात. म्हणजे आमच्याकडे आलं ते नुसतं तोंड, डोकं तिकडेच. आणणाऱ्याला ते शोभूनही दिसत होतं. कळ दाबली की हिरवं अक्षर उमटायचं, ह्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं. पण बंधुराजांनी जाहीर केलं, यंदा आळीच्या गोठ्यात कॉम्प्युटर बसणार.

नाताळात आमच्याकडे आळीआळीतून बाळ येशूच्या जन्माचा गोठा उभारतात. चर्चतर्फे परीक्षक येतात, आणि ज्या आळीचा गोठा सरस ठरतो ती वर्षभर नाक वर करून फिरते. आमच्या आळीचा गोठा बाबांच्या हातचा. बाबा केळीची बाग करायचे. केळीच्या सोपटांचं कुंपण, पेंढ्याचं छप्पर, टोपल्यांत नाचणी पेरून उगवलेलं कोवळं शेत. मूर्ती त्यांनी लग्नाच्या वर्षी घडवलेल्या, बावखलातल्या, म्हणजे बागेजवळच्या तळ्यातल्या मातीच्या. कच्चीच माती, उन्हात वाळवून हलक्या हाताने रंगवलेली. योसेफाचा चेहरा थेट आजोबांचा होता. नाताळ सरला की आई त्या मूर्ती जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवायची, आणि आम्हा मुलांना त्या माळ्यावर चढायची बंदी होती.

आळीतल्या तरण्या पोरांनी बंधुराजांची बाजू घेतली. बाबांना कोणी नाही म्हटलं नाही, फक्त त्यांच्या मूर्तींसकट कोपऱ्यात सरकवलं. मधोमध पडदा बसला. देवदूताच्या हातातली कागदी पट्टी काढून टाकली, कारण आता तिच्यावरची ‘ग्लोरिया’ ही देवाच्या जयजयकाराची अक्षरं पडद्यावर झळकणार होती. वीज जरा डोळा मारून गेली की अक्षरं पुसली जायची, म्हणून बंधुराज स्वतः मागे पेंढ्यात उकिडवे बसून पुन्हा पुन्हा टाइप करायचे. एवढा शिकलेला माणूस गुरांच्या जागी बसलाय, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. पेंढ्यात पडदा फार तापतो म्हणून त्यांनी त्याचं मागचं झाकणही काढून ठेवलं होतं. आई घरात भांडी आपटत होती. बाबा नाचणीला पाणी घालत होते, आणि मला त्या पाणी घालण्याचा सगळ्यांत जास्त राग येत होता.

चोवीस तारखेला दिवेलागणीला फादर गोठ्याला आशीर्वाद द्यायला आले, बरोबर परीक्षक. आता आमच्याकडे नवीन वस्तू आली की तिच्यावर पवित्र पाणी पडल्याशिवाय कोणाला चैन पडत नाही. होडी असो, मोटरसायकल असो, विहिरीवरचा पंप असो. फादरांनी गोठ्यावर दोन थेंब उडवले आणि ते वळणार, एवढ्यात पेंढ्यातून बंधुराजांनी मुंडकं बाहेर काढलं.

“फादर, ह्याच्यावर जरा जास्त मारा. नवीन आहे.”

फादर भला माणूस. त्यांनी सढळ हाताने मारलं.

फाडकन आवाज झाला, आळीतली वीज गेली आणि पेंढा पेटला. बंधुराज कुंपण तोडून पळाले. ज्याच्या हाताला जी बादली लागली ती त्याने ओतली. आग लगेच विझली, पण कंदील आणून पाहतो तर कोपऱ्यात नुसता चिखल. योसेफ नाही, मरिया नाही. बाबांनी चिखलात हात घालून बाळ उचललं, तर ते त्यांच्या बोटांतच विरघळलं. मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. बंधुराज लांबून परीक्षकांना सांगत होते की व्होल्टेजचा प्रॉब्लेम झाला.

“आता माझ्याच्यानं व्हायचं नाही,” बाबा आईला म्हणाले, आणि हात न धुताच ओटीवर बसून राहिले.

वर्षभर आम्ही मायलेकी हाच घोर घेऊन बसलो. बाबा कामं सगळी करायचे, पण बावखलाच्या काठाने जायचं टाळून लांबच्या वाटेने बागेत जायचे. बंधुराजांनी पडद्याची काच आणि आतलं सामान भंगारवाल्याला दिलं. रिकामा सांगाडा त्यांच्या परसात पडला, त्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. त्या वस्तूचा एवढाच काय तो खरा उपयोग झाला.

पुढच्या नाताळाआधी बाबा तो सांगाडा खांद्यावर टाकून घरी आले. मी भडकले. त्या माणसाचं भंगार आपल्या दारात कशाला, म्हणून विचारलं. बाबांनी सांगाडा घासून धुतला, ओटीवर ठेवला आणि पडद्याच्या चौकटीतून आत पेंढा पसरला. मग पाटी घेऊन ते बावखलावर गेले. आईने माळ्यावरून जुनं लुगडं काढून झटकलं.

चोवीस तारखेला अख्खी आळी आमच्या ओटीसमोर जमली. चौकटीच्या आत नाचणीचं शेत, आणि त्यात एकटं बाळ, वीतभरसुद्धा नाही. बंधुराज सगळ्यांच्या पुढे उभे राहून लोकांना ऐकवत होते की मूळ कल्पना त्यांचीच. फादर आले. त्यांनी पाण्यासाठी हात उचलला तसे बंधुराज झटकन मागे सरकले. फादरही बाळाकडे पाहून थबकले, हात तसाच वर.

“शिंपडा, फादर,” बाबा म्हणाले. “ह्या खेपेला भाजून घेतलंय.”