जखमींच्या उशाशी बसलेले वामनराव

आदरणीय वामनराव गजभिये यांना मी पहिल्यांदा पाहिले ते समता कॉलनीतल्या एका खाजगी रुग्णालयात. राज्य नवे होते, राजधानी नवी होती, आणि बस्तरमधून जखमी जवानांना घेऊन येणाऱ्या हेलिकॉप्टरचा आवाजही रायपूरला नुकताच सवयीचा होऊ लागला होता. माझे पती दिलीप राज्य पोलिसांत गाडी चालवत. सुरुंगाच्या स्फोटात त्यांची गाडी उडाली आणि पाठीचा कणा मोडला. मी बाहेर बाकावर बसले होते. एक उंच गृहस्थ लंगडत आले, खिचडीचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बाई, जेवून घ्या. इथं लय दिवस बसा लागते."

सगळे मला धीर देत होते. खरे तेवढे एकट्या वामनरावांनी, आमच्या काकांनी, सांगितले.

काका तेव्हा रेल्वेच्या कचेरीत नोकरीला होते. सुटी झाली की घरी न जाता ते वॉर्डात येत. कुठल्या कुठल्या राज्यांतले जवान तिथे पडलेले असत. त्यांची भाषा नर्सना कळत नसे. काका त्यांची दाढी करत, पाणी पाजत, घरी फोन लावून देत. एकदा एक मोठे पाहुणे हारतुरे आणि छायाचित्रकार घेऊन आले. काका त्यांना शांतपणे म्हणाले, "साहेब, हार मग घाला. याच्या अंगाखालची चादर ओली आहे, आधी ती बदलू द्या." पाहुणे थांबले. काकांनी चादर बदलली, मगच बाजूला झाले.

हे सगळे ते का करतात, ते मला त्यांच्या पत्नीकडून, काकूंकडून, कळले. नंतर एकदा काकांनी स्वतःही सांगितले, तेही मी फार मागे लागले म्हणून. बांगलादेशच्या लढाईत ते विशीतले शिपाई होते. गोळ्यांनी पाय फुटला, तुकडीशी ताटातूट झाली. तिथल्या मुक्तिसैनिकांनी, म्हणजे आपल्या बाजूने लढणाऱ्या गावच्या पोरांनी, त्यांना मासेमारीच्या होडीत घातले. होडीत त्या पोरांचा स्वतःचा एक जखमी सोबतीही होता. त्यांनी काकांना मुरमुरे भरवले, अंगावर स्वतःची चादर टाकली. आपल्या सैन्याच्या तळावर पोचले तेव्हा डॉक्टर एकच होता.

"त्यायनं मले आधी उचलून दिलं," काका म्हणाले. "त्यायचा माणूस मागं ठेवला. माझा पाय कापला, पण मी वाचलो. तो पोट्टा होडीतच गेला. मले त्याचं नावही माहीत नाही."

पुढे एकदा रजा काढून काका ते गाव शोधायला गेले. सोबत काकू होत्या. गाव नव्हते. नदीने काठ खाल्ला होता, माणसे कुठेकुठे पांगली होती. दोघे पाण्याकडे बघून परत आले. कृतज्ञता सांगायला समोर माणूसच उरला नाही, हे दुःख काकांना आजही आहे. वॉर्डातल्या सेवेने ते हलके झाले असे कोणी म्हटले, तर ते स्पष्ट नाही म्हणतात.

म्हणूनच असेल, दिलीपना ज्याने वाचवले त्याला गाठायचेच असे त्यांनी ठरवले. तो दुसऱ्या दलाचा, मिझोरमचा जवान होता. त्याचे नाव लालरिना. गोळीबार चालू असताना त्याने दिलीपना नाल्यातून पाठीवर बाहेर आणले होते. काकांनी वर्षभर फोन केले. शेवटी सुटीवर गावी निघालेला लालरिना दोन गाड्यांच्या मधल्या वेळात रायपूरला उतरला. काका त्याला घेऊन आमच्या घरी आले.

दिलीप तोवर खाटेला खिळले होते. बोलत नसत, जेवत नसत. लालरिनाने हसून हात पुढे केला. दिलीपनी हात दिला नाही. त्याला कळावे म्हणून मुद्दाम हिंदीत म्हणाले, "मुझे उठाया क्यों? वहीं छोड़ देना था."

मला वाटले, काका सावरून घेतील. त्यांनी फक्त लालरिनाला खुर्ची पुढे केली.

लालरिना खुर्चीच्या कडेवर बसला. मग मोडक्या हिंदीत म्हणाला, "आप बोला था, घर जाना है. पूरा रास्ता बोला था."

दिलीपनी खाटेची कड धरून भिंतीकडे अंग वळवले. तशी त्यांच्या पाठीवरची जखम लालरिनाला दिसली. पडून पडून झालेली, चिघळलेली. त्याने माझ्याकडे गरम पाणी मागितले. काकांनी एका बाजूने धरले, त्याने दुसऱ्या बाजूने, आणि त्याने ती जखम हळूहळू स्वच्छ केली. दिलीपनी करू दिले. मग गाडीची वेळ झाली आणि तो गेला.

संध्याकाळी दिलीपनी मला विचारले, "त्याले जेवू घातलं काय?"

"नाही. त्याची गाडी होती."

"काहून नाही घातलं," एवढेच ते म्हणाले, आणि रडले. स्फोटानंतर मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिले. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. लालरिनाला फोन काकांनीच केला.

माझी मुलगी आता मराठी समजते, उत्तर हिंदीत देते. काकांना ती आजोबा म्हणते. तिच्या शाळेपासून माझ्या अनुकंपा नोकरीपर्यंत काकांनी किती खेटे घातले, ते इथे लिहिले तर त्यांना आवडणार नाही. या गौरवग्रंथालाही त्यांचा विरोधच होता. "मी काय केलं? पोट्टे येऊनच राहिले ना," असे ते संपादकांना म्हणाले. ते खरे आहे. जखमी पोरे येतच आहेत. काकांना आता जिना चढवत नाही, म्हणून ते वॉर्डाखाली खुर्ची टाकून बसतात आणि वर जाणाऱ्या स्ट्रेचरकडे बघत राहतात.

काकांनी पंच्याहत्तरी गाठली. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य मागताना मला भीती वाटते, कारण वाढलेल्या प्रत्येक वर्षात त्यांना आणखी स्ट्रेचर पाहावी लागतील. तरी मागते. एखाद्या संध्याकाळी काकांनी तिथे जावे, नर्सने सांगावे की आज कोणीच आलेले नाही, आणि त्यांनी उजेड असताना घरी परतून काकूंबरोबर जेवावे. ती संध्याकाळ पाहण्याइतके आयुष्य त्यांना लाभो. ती येईल असे मला वाटत नाही.