लाल चिंध्यांची वाट

लिहायला बसलो खरा, पण आधीच माफी मागतो. आमच्या घरात सही करण्यापलीकडे कुणी पेन धरलेलं नाही. कॉलेजात जाणारा मी पहिला, तोही अजून दुसऱ्याच वर्षाला. आपल्याबद्दल लोकांनी वाचावं असं माझ्याकडे काय आहे, हे मलाही नीट सांगता येत नाही. पण माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती मी कुणाला धड सांगितलेली नाही. म्हणून लिहितो.

आमचं गाव भिवंडीजवळ, वडप्याच्या आत, हायवेपासून चालत अर्ध्या तासावर. गावामागे टेकडी आहे. तिच्या वरच्या अंगाला फॉरेस्टचं रान, खाली लोकांचे माळ. माझ्या बहिणीला रविवारीही गोदामात पॅकिंगची ड्युटी असते, तेव्हा तिची दोन मुलं माझ्याकडे. भाची सात वर्षांची, भाचा चारचा. घरात बसवली तर मोबाइल मागतात, म्हणून मी त्यांना टेकडीवर नेऊ लागलो. कॉलेजात सरांनी निसर्गवाटेबद्दल सांगितलं होतं. ठरलेली वाट, ठरलेले थांबे, मुलांनी बघत बघत जायचं. मला वाटलं, हे तर आपल्या घरामागे आयतंच आहे. ऐनाच्या झाडावर तांबड्या मुंग्यांनी पानं जोडून केलेलं घरटं, हा आमचा पहिला थांबा. मग साळिंदराचे काटे सापडतात ती घळ. शेवटी एक सपाट खडक, तिथे बिस्किटं.

मला मात्र त्या खडकावर स्वस्थ बसवत नसे. तिथून गोदामांचे निळे पत्रे दिसतात, आणि दर खेपेला ते थोडे पुढे सरकल्यासारखे वाटत. आहे तोवर मुलांना सगळं दाखवून टाकावं, अशी घाई व्हायची. बिस्किटाचा पुडा संपायच्या आत मी उठायचो.

“मामा, तुला मुंग्या चावल्या का?” भाची म्हणायची. “एका जागी बसतच न्हायस.”

एका रविवारी याच घाईत वाट चुकलो. तासभर करवंदीच्या जाळ्यांतून फिरलो. भाचा रडून रडून माझ्या खांद्यावर झोपला. भाची पुढे चालत होती.

“आईला सांगू का?”

“नको.”

“मग उद्या मला सायकलवरून शाळेत सोड.”

पण रात्री तिच्या पायांवरचे ओरखडे बघून मला फार वाईट वाटलं. माझे वडील भिवंडीत कापडाच्या लूमवर कामाला आहेत. पुसायला म्हणून आणलेल्या चिंध्यांचं पोतं घरी कायम असतं. त्यातल्या मी लाल तेवढ्या निवडल्या, कारण सुकलेल्या रानात लाल रंग लांबून दिसतो. पुढच्या रविवारी खालच्या माळावरच्या बांधापासून खडकापर्यंत झुडपांना त्या बांधत गेलो. मुलं एका चिंधीपासून दुसरीपर्यंत पळत होती. त्या दिवशी पहिल्यांदा मी खडकावर जरा टेकलो.

जे सुचायला हवं होतं ते मला सुचलं नाही. आमच्या भागात माळावर ओळीने लाल फडकी दिसली की त्याचा अर्थ एकच, जमिनीची मोजणी झाली. आणि मोजणी झाली की गोदाम आलं. हे गावात कुणालाही कळतं.

टेकडीची वाट खाली दोन माळांच्या मधल्या बांधावरून जाते. रस्त्याकडचा माळ धाकट्या भावाचा, तो विकायला केव्हाचा तयार. टेकडीकडचा थोरल्याचा. हे थोरले म्हणजे आमच्या आळीतले म्हातारे काका. त्यांनी कुणालाच जागा दिली नाही, म्हणून आमची वाट राहिली होती. बुधवारी भाची सहज म्हणाली, “काका आपल्या चिंध्यांजवळ उभे होते. नुसते बघत होते.”

मी जेवता जेवता उठलो आणि त्यांच्याकडे गेलो. काका ओट्यावर बसले होते.

“काका, बांधावरच्या चिंध्या मी बांधल्यात.”

“तू? मोजणीवाल्यांच्यात कवा गेलास?”

“मोजणी नाही. पोरांना वाट कळावी म्हणून.”

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “मला वाटला भावानं गपचूप मोजणी आणली. त्याचा गोदाम झाला का माझा माळ मागं कोंडला. गाडी जायला रस्ता न्हाय, मंग कोण इचारतो? काल पडघ्याला जाऊन जागेच्या एजंटाला माळ द्यायला हो सांगून आलो.”

“उद्या जाऊन नाही म्हणा. मी येतो बरोबर.”

“काय सांगू? पोरांच्या चिंध्या बघून घाबरलो?”

“सांगा की,” काकू आतून म्हणाल्या. “खरा तोच हाय.”

“तू गप.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “कॉलेजात जातोस ना रं? एवढा न्हाय समजला?”

मी तसाच घरी परतलो. दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन सगळ्या चिंध्या सोडून आणल्या. त्याचा आता काय उपयोग, हे सोडतानाच कळत होतं.

त्याच आठवड्यात परीक्षा सुरू झाली आणि कॉलेजला जवळ पडतं म्हणून मी टेमघरला मावशीकडे राहायला आलो. पुस्तक उघडलं की बांध दिसायचा. काका पडघ्याला परत गेले असतील का? गेले तर कशासाठी? बहिणीला गोदामात फोन बाहेर ठेवावा लागतो, तिचा फोन लागायचा तेव्हा ती म्हणायची, “अजून काय समजलं न्हाय. तू पेपर लिही.” मी गच्चीवर येरझाऱ्या घालायचो. मावशीला वाटायचं मी पाठांतर करतोय.

शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो तेव्हा बहिणीचाच फोन आला.

“सही झाली,” ती म्हणाली. “पण काकांनी वढ्याच्या कडंनं माणूस जाईल एवढी वाट ठेवायला सांगितलीय. पोरांसाठी. एजंट हो बोलला.”

“कागदावर लिहिलंय का तसं?”

तिच्या मागे ट्रक रिव्हर्स घेत होता. तो थांबेपर्यंत ती थांबली.

“न्हाय,” ती म्हणाली. “तोंडी.”