चपलांवर पडलेलं ऊन

मी लिहायला बसावं हाच आगाऊपणा. आमच्या घरात अर्जापलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही. कॉलेजात पोचलेला पहिला मीच. तेव्हा आधी माफ करा. पण ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही — आईलासुद्धा नाही.

नायगावला आमच्या चाळीमागे पत्र्याचं छोटं बुद्धविहार होतं. एक दार, खिडकी नाही. मी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला असताना विहार समितीने विचारलं, छपरात एक पारदर्शक पत्रा असा बसवता येईल का, की बुद्धपौर्णिमेच्या सकाळी वंदनेच्या वेळी ऊन मूर्तीच्या चेहऱ्यावर येईल? मोठी माणसं मला विचारत होती — मी किती फुगलो असेन?

खरं काम सदाकाकांनी केलं. गिरणी बंद पडल्यापासून विहाराची झाडलोट आणि रविवारची वंदना त्यांच्याकडे होती. आदल्या वैशाखात रोज सकाळी आठला, छपराच्या भोकातून पडणारा कवडसा त्यांनी फरशीवर खडूने आखला होता. एका डोळ्यात मोतीबिंदू, तरी गुडघ्यांवर बसून. खुणांवर कुणाला पाय ठेवू देत नसत. त्यांवरून पत्र्याची जागा काढायला मी फक्त टेपने मापं घेतली. मग खुणा धुतल्या गेल्या.

पत्रा बसला. बुद्धपौर्णिमेला सगळे पांढऱ्या कपड्यांत आले, आणि ऊन उतरलं — दाराच्या आत काढलेल्या चपलांवर. मागून कुणीतरी म्हणालं, "आर्किटेक्टसाहेबांनी चपलांना दीक्षा दिली." लोक हसले. काकाही हसले.

दुपारी घरी वही उघडली. मापं बरोबर होती. घेतली होती मूर्तीच्या भिंतीपासून. कागदावर मी ती दाराच्या भिंतीपासून मांडली होती. एवढंच. पत्रा सरकवायला अर्धा दिवस लागला असता. मग मी का नाही बोललो?

संध्याकाळी समितीने विचारलं. काका समोरच बसले होते. मी म्हणालो — जसंच्या तसं लिहितो — "खुणाच चुकल्या असतील. काकांना कमी दिसतं ना."

काका रागावले नाहीत. "असेल रे बाबा," म्हणाले. "डोळा दगा देतो आता."

पुढच्या रविवारी वंदना दुसऱ्याने घेतली. गाथा तर काकांना तोंडपाठ होत्या — त्यांना डोळे कशाला लागतात? पण ते म्हणाले, आता माझा भरवसा नाही. आणि मागे, चपलांजवळ जाऊन बसले. मी पाहत होतो. मला नापास होण्याची भीती नव्हती. चाळीतला शिकलेला मुलगा चुकतो, हे दिसेल याची होती. न शिकलेला म्हातारा चुकला तर कुणाला नवल वाटत नाही — हे मला ठाऊक होतं, आणि तेच मी वापरलं.

चाळ पाडली. काका मुलीकडे वडाळ्याला गेले. मी दोनदा त्यांच्या इमारतीखालून परत आलो.

परवा आईने सांगितलं, नव्या टॉवरमध्ये विहाराला खोली मिळाली आहे. पूर्वेची खिडकी कुठे ठेवायची, हे विचारायला समिती काकांकडेच गेली होती. काका म्हणाले, "खिडकी नको. ट्यूबलाइट लावा. माझ्या अंदाजाने पुन्हा लोकांचा हिरमोड नको."

पूर्वेची भिंत बांधून झाली आहे.