गच्चीवरच्या उन्हाची सवलत

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी मावशी सरकारी कचेरीत कधी खुर्चीवर बसल्या नाहीत. साहेब "बसा ना" म्हणाले की त्या खुर्चीवर पिशवी ठेवायच्या आणि स्वतः टेबलाला टेकून उभ्या राहायच्या. पहिल्यांदा त्यांच्यासोबत गेले तेव्हा मी सवयीने बसले, तर तिथेच मालवणीत खेकसल्या, "उठ गो! खुर्चीर बसलंस काय संपलंस." बसलेल्या माणसाला चहा पाजून परत पाठवता येतं, उभ्याचं काहीतरी करावंच लागतं, असं त्यांचं मत होतं.

ऐंशीच्या दशकात मुलुंडला आमची चार मजली इमारत बांधली जात होती. टेलिफोन खात्यातली नोकरी सांभाळून मावशी रोज बांधकामावर हजर. भिंती चढायच्या आधीच त्यांनी आर्किटेक्टला गाठलं आणि गरम पाण्याचे पाइप भिंतीतून घालून घेतले. गच्चीवर काळ्या पत्र्याच्या, काच लावलेल्या पेट्या बसवल्या, त्यांच्या वर भलीमोठी टाकी. ऊन पडलं की पाणी तापायचं. आम्हाला हसू यायचं. "हसा मेल्यांनो," त्या म्हणायच्या, "रॉकेलच्या रांगेत तुमची गंमत बघायला येईन मी."

पहिलं करबिल आलं आणि सगळ्यांचं हसू पळालं. तपासणीला आलेल्या माणसाने टाकी आणि पेट्यांना चैनीची वाढीव सोय ठरवून इमारतीचा कर वाढवला होता. सभेत तळमजल्यावरचे नाना कडाडले, "मावशी, तुमच्या सूर्याने आमची वाट लावली! दिवाळीनंतरच्या बिलातून हा वाढीव कर गेला नाही, तर पेट्या भंगारवाल्याला!" तसा ठरावच झाला. विरोधात दोन हात होते, त्यांचा आणि माझा.

दुसऱ्याच दिवशी मावशी महापालिकेच्या कर खात्याच्या साहेबांसमोर उभ्या. वाढ रद्द करा म्हणतील असं मला वाटलं होतं. बाईंनी उलट सवलत मागितली! "आम्ही रॉकेल जाळत नाही, गीझर लावत नाही. असं घर बांधणाऱ्याला करात सूट द्या. शाबासकी द्यायची सोडून दंड कसला लावता?"

साहेब तरुण होते, सभ्य होते. "मावशी, अशी सूट नियमात नाही हो."

"नियम काय आभाळातून पडतात? लिहा की नवा!"

साहेब हसले. "आणि अंघोळ असते सकाळी, ऊन येतं नंतर. उपयोग काय त्याचा? चैनच ना ती?"

मावशींनी पिशवी उचलली. "नरक चतुर्दशीला पहाटे आमच्याकडे अंघोळीला या. टॉवेल घेऊन."

आदल्या दिवशी नेमके ढग आले. होतं ते गरम पाणी कुणी संपवू नये म्हणून टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून मावशी दिवसभर गच्चीवर आभाळाला शिव्या घालत होत्या. पहाटे साहेब खरंच आले, अर्थात टॉवेलशिवाय. मावशींच्या बाथरूमबाहेर उटण्याच्या वासात सगळी सोसायटी जमली होती. साहेबांनी बादलीत हात घातला.

"कोमट आहे, मावशी."

नाना खो खो हसले. मावशींचा आवाज मात्र चढला. "आहेच कोमट! काल ढग होते. पण तुमचा नळ तर लख्ख उन्हातही कोरडा असतो. त्याचा कर आम्ही पुरता भरतो की नाही?"

"हे मात्र खरं हां!" नाना हसता हसता ओरडले, आणि मग सगळेच पाण्यावरून साहेबांवर तुटून पडले. साहेबांनी हात पुसला, चकली खाल्ली आणि गेले. पुढच्या बिलात वाढ नव्हती.

पेट्या वाचल्या म्हणून नाना पेढे घेऊन आले, तर मावशींनी पेढा हातातच धरला. "दंड गेला. सूट कुठाय?"

त्यानंतर दर दिवाळी सरली की त्या सूट मागायला जात राहिल्या. साहेब बदलले, मावशी निवृत्त झाल्या, गुडघे गेले, तरी टेबलाला टेकून उभ्याच. त्यांच्या शेजारी उभं राहताना मला फार अभिमान वाटायचा. त्यांना तसं कधी सांगितलं असतं, तर माझ्यावरच खेकसल्या असत्या.

शेवटच्या आजारात मी उशाशी बसले होते. मावशींनी डोळे न उघडताच विचारलं, "दिवाळी झाली गो?"

"झाली, मावशी."

"मगे हंय काय करतंस? जा."

त्याच आठवड्यात त्या गेल्या. दिवसकार्य झाल्यावर मी कचेरीत गेले. नव्या साहेबांनी खुर्ची पुढे केली. "बसा ना, बाई."

मी खुर्चीवर पिशवी ठेवली.