ताईचे अग्निबाण

ताईच्या श्रवणयंत्राचे सेल संपले होते, म्हणून त्या सकाळी मी दवाखान्यातून निघून बुधवार पेठेत गेले. दुकानदारानं सेलचं पाकीट काउंटरवर ठेवलं आणि माझा फोन वाजला. पलीकडून नर्सबाई म्हणाल्या, "आपण लगेच या." पाकीट घेतलं, रिक्षा केली... पोहोचले तेव्हा ताईच्या कानातलं यंत्र काढून उशाशी ठेवलेलं होतं. सव्वा महिना झाला त्याला.

प्रमिलाताई माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सातवीत होते आणि वडील पाळीवर जायचे. माझी वेणी, माझा डबा, प्रगतिपुस्तकावरची सही, सगळं तिनंच केलं. रसायनशास्त्र शिकून ती पुण्यातल्याच एका सरकारी प्रयोगशाळेत लागली. तिथं लष्कराच्या अग्निबाणांत भरायचं घन इंधन तयार व्हायचं. यापलीकडे आम्हाला काही ठाऊक नव्हतं, कारण ती कामाबद्दल बोलतच नसे. शेजारणीनं कधी विचारलं, की तिथं करतेस तरी काय, तर म्हणायची, "मळते." बायका हसायच्या. ते इंधन खरोखरच कणकेसारखं मळतात हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

निवृत्त झाल्यावर मात्र ती बोलती झाली. कात्रजला आमच्या घराजवळच्या विहारात दर रविवारी मुलांना जमवून अग्निबाणाची गोष्ट सांगायची. चिनी लोकांनी बांबूच्या नळीत दारू ठासली तिथून सुरुवात. मग म्हैसूरच्या सैन्यानं लोखंडी नळ्यांचे बाण इंग्रजांवर सोडले, इंग्रजांनी ते उचलून मायदेशी नेले आणि तसेच घडवून दुसऱ्यांची शहरं जाळली. पुढं महायुद्धात जर्मनांचे अग्निबाण लंडनवर पडले. ते बनवताना भुयारांत कैदी उपाशीपोटी मेले, हे सांगायला ती कधी विसरायची नाही. आणि ज्यांनी ते आखले त्यांतल्याच काहींनी नंतर अमेरिकेत जाऊन माणसाला चंद्रावर पोहोचवलं. "बाण तोच," ती म्हणायची, "तोंड कुठं करायचं एवढंच ठरवायचं असतं." एकदा एका मुलीनं विचारलं, "आजी, तुम्ही केलेल्या बाणांचं तोंड कुठं होतं?" ताईनं चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "खाली."

त्या मुलीला खरं उत्तर द्यायला हवं होतं ते मी. मी आठवीत असताना एका दुपारी पोस्टमननं लांबट सरकारी पाकीट माझ्या हातात दिलं. केरळात, समुद्रकाठी, जिथून आपले अवकाशात जाणारे अग्निबाण सुटत, तिथं ताईची नेमणूक झाली होती. तिनं अर्ज केल्याचंही मला माहीत नव्हतं. पत्र मी दोनदा वाचलं आणि भूगोलाच्या पुस्तकाच्या कव्हरात सरकवलं. काही दिवसांनी स्टोव्हवर धरून जाळलं. ताई रोज ऑफिसातून आल्यावर टपाल आलं का विचारायची... मग विचारेनाशी झाली.

आपलं यान चंद्रावर उतरलं त्या संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. ताई मांडीवर हात ठेवून बसून राहिली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही.

उघडलं ते शेवटच्या आठवड्यात. दुपारची वेळ होती, वॉर्डात शांतता होती. तिच्या कानाशी वाकून मी सगळं सांगितलं. तिनं कानातलं यंत्र बोटानं नीट बसवलं.

"पत्राला उत्तर का नाही, अशी आठवड्यानं तार आली होती, नंदू," ती म्हणाली. "ऑफिसच्या पत्त्यावर."

"मग गेली का नाहीस?"

"ज्या पोरीला पत्र लपवावंसं वाटलं, तिला कुणाच्या भरवशावर टाकून जायचं होतं?"

मग तिनं पाणी मागितलं. तिच्यापुरता विषय तिथं संपला. मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. ताई सगळं जाणून राहिली होती, आणि त्यानंतरही रोज सकाळी तिनं माझी वेणी घातली होती... हे कुठं ठेवायचं, मला कळत नाही.

घर आता हळूहळू आवरते आहे. स्वयंपाकघराच्या दाराशी, हात सहज पोहोचेल अशा उंचीवर, तिनं तांब्याची एक पट्टी ठोकून घेतली होती. प्रयोगशाळेत इंधनाच्या खोलीत शिरण्याआधी अशा पट्टीला हात लावावा लागे. अंगात साठलेली वीज जमिनीत उतरते, ठिणगी उडत नाही. चाळीस वर्षांची सवय घरीही सुटेना. इथं काय उडणार आहे, असं मी चिडवलं, की म्हणायची, "तुझा चहा." पट्टीच्या कडा कधीच काळ्या पडल्यात. मधोमध तेवढा तिचा तळहात टेकून टेकून चकचकीत गोल झालेला. काल पाहिलं तर तोही काळवंडायला लागला होता. चिंच भिजवली, पट्टीसमोर उभी राहिले, पण घासायला हात होईना. वाटी ओट्यावर ठेवली. मग त्या गोलावर तळहात टेकवला, जरा वेळ तसाच राहू दिला, आणि एका कपाचा चहा ठेवायला आत गेले.