पहिलवानाच्या कोपऱ्यातली खाच

ऑफिसात तिला सगळे 'पहिलवानाची आई' म्हणत. पहिलवान म्हणजे तिनं बावीस वर्षांपूर्वी आखलेला छपाईच्या अक्षरांचा टाइप. अंगानं जाडजूड, प्रत्येक अक्षराच्या पायाला चौकोनी ठोकळा. सिमेंटची पोती, औषधांचे खोके, धोक्याच्या पाट्या, कुठेही छापा, गडी हटायचा नाही. खरी करामत मात्र कोपऱ्यांत होती. हलक्या कागदावर शाई पसरते आणि अक्षराचे कोपरे बुजतात, म्हणून ती तिथं बारीक खाच ठेवी. पसरलेली शाई खाचेत उतरे आणि अक्षर स्वच्छ दिसे. कागद बदलला की खाचेचं माप बदले, आणि ती मापं फक्त तिच्या डोक्यात होती.

ती तिनं कुणाला सांगितलीच नाहीत. आधी वेळ नव्हता म्हणून, आणि पुढे, खरं बोलायचं तर, आपल्यावाचून सगळ्यांचं अडतं हे बरं वाटायचं म्हणून. त्याची शिक्षाही चोख मिळाली. बावीस वर्षांत रोड पहिलवान, लठ्ठ पहिलवान, आडवा पहिलवान झाले, पण दुसऱ्या वळणाचं एक अक्षर तिच्या हातून आखून झालं नाही. आता ते ठोकळे बघूनच तिला शिसारी येई.

धाकट्या बहिणीनं आपल्या गावातल्या चित्रशाळेत तिच्यासाठी नोकरी ठरवली. सोमवारी हजर व्हायचं होतं.

"जा की! मी कोण अडवणारा?" मालक म्हणाले. "फक्त मापं लिहून द्या. तुमच्या जागी घेतलेल्या नव्या मुलीनं एक पोतं नीट छापून दाखवलं, की तुम्ही मोकळ्या."

ती लिहायला बसली. सात प्रकारचे कागद, सात मापं. चहा निवायच्या आत संपलं. बावीस वर्षं अर्ध्या पानात मावली याचा तिला भयंकर राग आला. पोत्याच्या कागदाचं माप तिनं खोडलं आणि निम्मं करून लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पोत्याचा नमुना आला. सगळे कोपरे शाईनं भरलेले, एक शब्द धड वाचता येईना. नवी मुलगी रडवेली झाली होती.

"मी तीनदा वाचून केलं हो, ताई. माझंच काहीतरी चुकलं."

मालकांनी कपाळाला हात लावला. "बाई, तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही."

तिला मनातून गुदगुल्या झाल्या, आणि लगेच स्वतःची किळस आली. माप मीच चुकीचं लिहिलंय, एवढंच तर सांगायचं होतं. तिनं तोंड उघडलं. दोघंही आशेनं तिच्याकडे बघत होते.

"द्या इकडे," ती म्हणाली. "मी बघते."

रविवारी बहिणीचा फोन आला. "सोडत नाहीत ना गं ते तुला?"

"नाही गं," ती म्हणाली. "सोडतच नाहीत."