वादळ ओसरल्यानंतरचा पाऊस

आई गेल्यावर बाबा चार महिन्यांसाठी माझ्याकडे अमेरिकेत, पिस्कॅटवेला आले. पाटबंधारे खात्यात त्यांची तीस वर्षं एका धरणावर गेली होती. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं, वहीत लिहायचं आणि वर कळवायचं, हे त्यांचं काम. इथे त्यांना करण्यासारखं काहीच नव्हतं. मी ऑफिसला गेले की ते भांडी घासत, माझ्या कपड्यांच्या घड्या घालत. "राहू द्या ना बाबा," म्हटलं की ओशाळत. आईबद्दल आम्ही दोघंही बोलत नव्हतो.

ऑगस्टमध्ये एका सकाळी त्यांनी मला टीव्हीसमोर बोलावलं. आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत, समुद्रावर, एक पिवळा डाग दिसत होता.

"हे काय म्हणतायत?"

"ढग जमलेत. वादळ होईल किंवा विरून जाईल."

"होईल," बाबा म्हणाले. "समुद्र गरम आहे."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून त्यांना अटलांटिकचा कोरा नकाशा प्रिंट करून आणला, अक्षांश-रेखांशांच्या रेघा असलेला. हवामान खात्याची वेबसाइटही उघडून दिली. तिथे सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला वादळाची जागा आकड्यांत देतात. बाबांनी नकाशा फ्रीजवर चिकटवला आणि पेन्सिलीला टोक काढलं.

अकरा वाजून गेले की मला फोन यायचा. "तेरा उत्तर, एकोणसाठ पश्चिम. वेग वाढलाय."

सुरुवातीला मी मीटिंगमध्ये असायचे. 'बरं' म्हणून ठेवून द्यायचे. तीन-चार दिवसांनी माझ्याच लक्षात आलं, की अकरा वाजले की मी फोन हातात घेऊन कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहते.

एका संध्याकाळी ठिपका काढता काढता ते म्हणाले, "पुराच्या दिवसांत मी धरणावरच अडकायचो. तुझ्या आईला फोन करून रीडिंग सांगायचो. तिला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. पण आवाज ऐकला की तिचा जीव भांड्यात पडायचा."

मी गॅस बारीक केला आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्या दिवशी आम्ही आईबद्दल पहिल्यांदा बोललो. आमटी पार आटून गेली.

वादळ कॅरिबियन बेटांवरून मेक्सिकोच्या आखातात शिरलं तेव्हा त्याच्या मधोमध डोळा तयार झाला होता. टीव्हीवर तो पांढरा, गोल घेर फिरताना बघून बाबा खुर्ची पुढे ओढून बसले. वादळ किनाऱ्याला लागलं त्या दिवशी बाबा नीट जेवले नाहीत. "माणसं निघाली असतील ना गं वेळेत?" एवढंच दोन-तीनदा विचारलं. मग वादळ जमिनीवर आलं, जोर कमी झाला, आणि बातम्यांमध्ये त्याला नुसते 'अवशेष' म्हणू लागले. ऑफिसात तर कुणाच्या तोंडी त्याचा विषयही उरला नाही. बाबांचे ठिपके मात्र डोंगर ओलांडून आमच्या दिशेने सरकत होते.

"वारा गेला म्हणजे पाणी गेलं असं नाही," ते म्हणाले. "आपल्या मागचा ओढा कुठे मिळतो?"

"नदीला."

"आणि नदी आधीच भरलेली."

आमच्या खाली, तळमजल्यावर एक म्हातारी बाई एकटी राहायची. आयुष्यभर स्कूलबस चालवून रिटायर झालेली, गुडघे गेलेली, सोबतीला एक मांजर. बाबांची आणि तिची ओळख 'गुड मॉर्निंग'पुरती. वादळाचे अवशेष आमच्यापर्यंत पोचले त्या दुपारी पाऊस असा लागला की पार्किंग दिसेना. मी घरून काम करत होते. चार वाजता बाबा छत्री घेऊन खाली निघाले, म्हणून मीही मागोमाग गेले.

बाईने दार उघडलं. मी तिला वर चला म्हटलं, तर ती हसली. म्हणाली, "वादळ तर केव्हाच संपलं, बेटा. हा नुसता पाऊस आहे."

बाबांना तिचं बोलणं किती कळलं कोण जाणे. त्यांनी आपल्या गुडघ्याला हात लावला. "वॉटर," म्हणाले. "हिअर. टुनाइट." मग त्यांचं लक्ष तिच्या शेल्फकडे गेलं. सगळ्यात खालच्या कप्प्यात फोटोंचे अल्बम होते. बाबांनी बोट दाखवून विचारलं, "प्लीज?"

 तिने होकारार्थी मान हलवली. बाबा खाली बसले आणि एकेक अल्बम मला देऊ लागले. मी ते स्वयंपाकाच्या ओट्यावर रचले. ते बघून तिने स्वतःच औषधांचा डबा घेतला आणि मांजराला त्याच्या जाळीच्या पेटीत घातलं. जिना चढायला तिला बराच वेळ लागला. बाबा तिच्या एक पायरी खाली, हात न लावता, पण लावता येईल इतक्या जवळून चढत होते.

अंधार पडता पडता ओढ्याचं पाणी तिच्या मागच्या दारातून आत शिरलं. सकाळी ओसरलं तेव्हा भिंतीवर मातीची रेघ होती, गुडघ्याच्याही वर. सोफा, गादी, कार्पेट सगळं गेलं. माणूस आणि मांजर सुखरूप होतं.

ती आठ दिवस माझ्या खोलीत राहिली, मी हॉलमध्ये झोपले. पलंगाखालचा एक अल्बम आमच्या नजरेतून सुटला होता आणि भिजला होता. त्यातले फोटो सोडवून तिने आणि बाबांनी ते डायनिंग टेबलावर वर्तमानपत्रांवर वाळत घातले. एकदा ऑफिसमधून आले तर ती एकेका फोटोवर बोट ठेवून इंग्रजीत सांगत होती, हा माझा नवरा, ही बहीण. बाबा मराठीत विचारत होते, "हे कधी गेले?" आणि ती उत्तरही देत होती. मी चपला काढल्या आणि तिघांचा चहा टाकला.